क्यूआर कोणाच्या नावाचा?

(संघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांनी लिहून मागितला म्हणून देते आहे. घाईत सुटलेल्या दोन-तीन गोष्टी आता घातल्या आहेत.)



मागच्या महिन्यात सकाळी लवकर माणमध्ये आले होते. फेज तीनच्या रस्त्याला आपल्या गटातल्या एका ताईंची गाडी लागते, तिथे पोहे खाल्ले. पंचवीस रुपये. फोन काढला, स्टिकर स्कॅन केलं, तर पडद्यावर नाव आलं त्यांच्या मालकांचं. ताईंनी विचारलं, "गेले का गं?" मी म्हटलं, गेले. त्यांना कळायला दुसरा मार्गच नव्हता, कारण पैसे आल्याचा मेसेज वाजतो मालकांच्या फोनवर आणि मालक तेव्हा चाकणला पहिल्या पाळीला. गर्दीच्या वेळी ताई गिऱ्हाइकाचा पडदा बघतात आणि विश्वास ठेवतात.

मालक चांगले आहेत, हे आधी सांगते. मागितले की पैसे देतात. पण मागावे लागतात.

पुढचं ऐका. ताईंना मोठी शेगडी आणि फ्रीज घ्यायचा होता. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंतचं असतं, म्हणून त्या बँकेत गेल्या. साहेबांनी धंद्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. ताईंच्या पासबुकात काय होतं? गॅसची सबसिडी आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. पहाटे चारला उठून कांदा चिरणारी बाई ही, आणि कागदावर धंदा तिचा नाहीच. धंदा मालकांचा, ते तर कंपनीत.

म्हणून आज खात्याविषयी बोलायचं. धंद्याचे पैसे ज्यात येतील असं, स्वतःच्या नावाचं, आणि कमी खर्चाचं खातं. "कमी खर्चाचं" यावर जास्त बोलणार आहे, कारण तिथे मीच एकदा फसले आहे.

मी एमएसडब्ल्यू करून नवीनच कामाला लागले होते. एका बँकेचा मुलगा टॅब घेऊन आपल्या ऑफिसात आला. "झिरो बॅलन्स करंट खातं, मॅडम, एक पैसा ठेवायला नको." मसाले करणाऱ्या एका मावशींचं खातं मी उत्साहाने उघडून दिलं. त्यात त्यांनी २,००० रुपये ठेवले. झिरो बॅलन्स होतंच, पण अट अशी होती की दर महिन्याला त्यांच्या क्यूआरवर ठराविक रकमेचा व्यवहार झाला पाहिजे, नाहीतर ४०० रुपये दंड. अट बारीक अक्षरात होती आणि मी वाचली नव्हती. आता मसाल्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे. मार्च ते मे हात रिकामा नसतो. पावसाळ्यात मिरची वाळतच नाही, तर विकणार काय? जून ते सप्टेंबर चार महिने दंड पडला. ४०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. चार महिन्यांचे १,८८८. दसऱ्याला मावशी पासबुक घेऊन आल्या तेव्हा खात्यात ११२ रुपये होते.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी मलाच चहा पाजला. ते जास्त लागलं.

आम्ही लेखी अर्ज दिला. दोनदा खेटे घातले. दोन महिन्यांचा दंड, ९४४ रुपये, परत मिळाला. बाकीचा नाही. तेव्हापासून मी कोणालाही खात्याचा फॉर्म देण्याआधी वही देते.

वहीत एक महिना एवढंच लिहायचं: आज फोनवर किती आले, रोख किती आली, रोख कुठे गेली, आणि बँकेत जावं लागलं का. पोह्याच्या ताईंनी लिहिलं. रोजची विक्री २,२०० च्या आसपास. त्यातले १,६०० फोनवर, ६०० रोख. महिन्याला २६ दिवस गाडी लागते. म्हणजे फोनवर ४१,६०० आणि रोख १५,६००. रोख बँकेत जातच नाही. कोथिंबीर, मिरची, दूध, कागदी प्लेटा यात संध्याकाळपर्यंत संपते. आता बघा, या ताईंना "महिन्याला अमुक लाख रोख भरणा मोफत" असल्या खात्याचा काय उपयोग? ती सोय आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या काकूंच्या कामाची. त्यांच्याकडे गल्लाभर चिल्लर आणि नोटा असतात, आणि नोटा मोजून घ्यायलाही काही बँका पैसे घेतात. दोघी शेजारी बसल्या तरी दोघींचं स्वस्त खातं वेगळं.

दुसरी गोष्ट, किमान शिल्लक. बहुतेक करंट खात्यांना ती असते. समजा दहा हजार. बायका म्हणतात, "ठेवू की, पैसे आपलेच आहेत." आपलेच आहेत, पण अडकलेले. करंट खात्यावर व्याज मिळत नाही. तेच दहा हजार तुम्हाला मालासाठी लागले तर तुम्ही गटातून उचलणार, दरमहा शेकडा दोनने. म्हणजे महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये. बँकेने दंड लावला नाही तरी खात्याची किंमत २,४०० झाली. हे कुठल्याही पत्रकावर छापलेलं नसतं, आपणच मांडायचं.

"सरासरी" या शब्दाकडेही लक्ष द्या. बँक रोज रात्रीची शिल्लक बघते, महिन्याची बेरीज करते आणि दिवसांनी भागते. ३० दिवसांच्या महिन्यात दहा दिवस ३० हजार राहिले आणि उरलेले वीस दिवस शून्य, तरी सरासरी दहा हजार भरते. उलट, सकाळी २० हजार आले आणि दुपारीच किराणा दुकानदाराला दिले, तर रात्रीची शिल्लक शून्य; त्या दिवसाचं काहीच धरलं जात नाही. आपल्या बऱ्याच जणींचे पैसे दुपारी येऊन संध्याकाळी जातात. किमान शिल्लक महिन्याची धरतात की तीन महिन्यांची, तेही विचारा. सीझनच्या धंद्याला त्याने फार फरक पडतो.

मग करंट खातं कोणी घ्यावं? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. विक्री थोडी असेल, गिऱ्हाईक रस्त्यावरचं असेल, तर आधी स्वतःच्या नावाचं वेगळं बचत खातं उघडा आणि धंद्याचं सगळं त्याच्यातून जाऊ द्या. मॅनेजरना सरळ सांगा की माझा छोटा धंदा आहे, क्यूआर याला जोडणार आहे, चालेल का. बचत खातं नियमाने घरगुती बचतीसाठी असतं; व्यवहार वाढले की बँक करंट खातं काढायला सांगू शकते, आणि तेव्हा काढायचं. सरकारी बँकांपैकी स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्याची किमान शिल्लक काढून टाकली. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने जुलै २०२५ पासून बचत खात्यावरचा हा दंड बंद केला. हे बचत खात्याचं बोलते आहे, करंटचं नाही. काउंटरवर हा फरक विसरतो आपण.

पण ज्यांना कंपनीची ऑर्डर मिळते त्यांनी थांबू नये. आपल्या एका गटातल्या ताईंना हिंजवडीतल्या एका ऑफिसची दिवाळी फराळाची ऑर्डर आली. बिल त्यांनी हौसेने गृहउद्योगाच्या नावाने छापलं. चेक त्याच नावाने आला. त्या नावाचं खातं नव्हतं, चेक भरता येईना. ऑफिसने चेक बदलून दिला, पण तोवर पौष लागला होता आणि किराणा दुकानदार रोज दारात.

गृहउद्योगाच्या नावाने करंट खातं काढायला तुमच्या पॅन आणि आधारशिवाय धंदा तुमचाच आहे हे दाखवणारे कागद लागतात. नियमात दोन आहेत, एकावर भागवायचं का ते बँक ठरवते. सगळ्यात सोपा कागद उद्यम नोंदणीचा. ही १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्ण फुकट आहे. बाहेर कोणी हजार-दीड हजार मागत असेल तर संघाच्या ऑफिसात या, मी करून देते. खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआयची नोंदणी तशीही लागतेच, तोही कागद चालतो. दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्टची पावती.

आणि हो, "कशाला, गटाचं खातं आहेच की" असं म्हणू नका. गटाचं खातं दहा-बारा जणींच्या पैशांचं आहे, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने चालतं. एकीची फराळाची ऑर्डर त्यात आली की हिशोब फिस्कटतो आणि मग बैठकीत काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

आता जनधन. २८ ऑगस्ट २०१४ ला योजना सुरू झाली, आपल्यातल्या निम्म्या जणींचं खातं त्यातलं. शिल्लक ठेवावी लागत नाही, रुपे कार्ड फुकट. पण दोन खाचखळगे आहेत. काही खाती पुरे कागद न घेता "छोटं खातं" म्हणून उघडली गेली. त्यात वर्षाला जास्तीत जास्त एक लाख जमा होऊ शकतात, एका वेळी ५० हजारांवर शिल्लक चालत नाही आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. पोह्याच्या ताईंनी क्यूआर अशा खात्याला जोडला तर दुसऱ्याच महिन्यात खातं तुंबणार. त्यामुळे आधी बँकेत जाऊन केवायसी पूर्ण आहे ना, विचारा. दुसरं, या खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. पुढचं काय, हे बँकेला विचारायचं. मागे स्टेट बँक अशा खात्यांवर चारच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावत होती, यूपीआयलासुद्धा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी ते आकडे मांडले. ऑगस्ट २०२० मध्ये आयकर खात्याच्या मंडळाने सगळ्या बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा. म्हणजे झिरो बॅलन्स खातंही फुकटच असतं असं नाही.

क्यूआरचंही तसंच. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराकडून टक्केवारी घेता येत नाही, १ जानेवारी २०२० पासून. कोणी मागितली तर देऊ नका. पैसे जातात ते बोलणाऱ्या डब्यावर. त्याला महिन्याला शंभर-सव्वाशे भाडं, म्हणजे वर्षाला बाराशे ते पंधराशे. पोह्याच्या ताईंना तो घ्या असं मीच म्हटलं, कारण हात पिठाचे असतात आणि गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवणारेही भेटतात. दिवसाला पाच गिऱ्हाइकं असतील तर नको, फोनचा मेसेज पुरतो.

स्टिकर एकाचं आणि खातं दुसऱ्याचं असू शकतं, हेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेत नवीन पैसे जमा करायला बंदी केली, तेव्हा गाडीवाले घाबरले. ज्यांचं स्टिकर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं होतं त्यांचं काही अडलं नाही. ज्यांचे पैसे त्याच बँकेत पडत होते, त्यांना धावपळ करून खातं बदलावं लागलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यावर सभेत सगळ्यात जास्त प्रश्न आले. नवीन खातं उघडलं की लाडक्या बहिणीचे पैसे कुठे जातील? सरकारी अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि शेवटी जी बँक जोडली तिथे जातं. खातं उघडणारा मुलगा टॅबवर अंगठा घेतो आणि विचारतो, "आधार सीडिंग करू ना?" आपण मान हलवतो. पुढच्या महिन्याचे १,५०० नव्या खात्यात, आणि बाई जुन्या बँकेत रांगेत उभी. धंद्याच्या खात्याला केवायसीसाठी आधार द्या, पण अनुदान जोडायला "नाही" म्हणा. ते जुन्याच खात्यात राहू द्या. सध्या कुठे जोडलेलं आहे ते माय आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, माझ्याकडे या.

खातं कुठल्या दारात काढायचं? काही जणी म्हणाल्या, पतसंस्थेचा माणूस रोज गाडीवर येतो, पन्नास-शंभर घेऊन जातो, तेच बरं. बरंच आहे, त्याची सवय मोडू नका म्हणणार नाही. पण एक माहिती असू द्या. बँक बुडाली तर एका माणसाचे एका बँकेतले पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही रक्कम पाच लाख आहे, आधी एकच लाख होती. सहकारी बँकेलाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. तिथे निदान विमा तरी होता. पतसंस्थेत ठेवायचेच तर थोडे ठेवा, सगळं भांडवल नको.

पोस्टाची पेमेंट्स बँकही आहे, १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली. पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर व्यवहार करतो. ज्यांना बँकेपर्यंत जाणंच परवडत नाही त्यांनी तिचा विचार करावा. पण पेमेंट्स बँक कर्ज देत नाही, आणि दिवसाअखेर दोन लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही.

जाणं परवडत नाही, हे मी सहज म्हटलं नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बँकेत जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. पोह्याच्या ताईंचा अर्धा दिवस बुडाला तर हातात पडणारे चारशे जातात. महिन्यातून दोन खेपा झाल्या की आठशे. एवढा तर बऱ्याच खात्यांचा दंडही नसतो.

माझी ओळख देताना मी माणला काम करते म्हटलं की लोक विचारतात, साताऱ्याचं माण का? ते माण तालुका, आपलं मुळशीतलं. पण त्या माणची गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे म्हसवडला लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्यात झोपडीवर टाकायच्या ताडपत्रीसाठी पैसे साठवायला बँकेत गेली. रक्कम इतकी लहान की बँका तिचं खातं उघडेनात. ती चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आली. बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बाया अंगठा लावणाऱ्या. बाया लिहायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुम्ही कॅल्क्युलेटर न घेता काढून दाखवा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिची माणसं बाजारात जाऊन पैसे गोळा करतात, कारण बँकेत यायचं तर मजुरी बुडते हे त्या बायांना माहीत होतं.

ती बँक आपल्याकडे नाही. पण तोंडी व्याज काढणाऱ्या बायका आपल्याकडेही भरपूर आहेत. शेकडा दोनचा हिशोब मी सांगायच्या आधी पुढच्या रांगेतल्या काकूंनी काढला होता.

एकीने हळूच विचारलं, खात्यात पैसे दिसले की टॅक्स लागेल का. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयची उलाढाल बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते तिने मोबाइलवर पाहिलं होतं. आपल्याकडे नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर जीएसटीची नोंदणी लागते, सेवेला २० लाखांच्या वर, आणि खाऊ घालणं सेवेत धरतात. पोह्याच्या ताईंची वर्षाची सगळी विक्री ६ लाख ८६ हजार होते. त्यांना या भीतीने खातं टाळायचं कारण नाही. पण घरातल्या खोल्यांचं भाडं, दिराने उसने दिलेले पैसे, सगळं त्याच खात्यात घेऊ नका. पुढे कोणी विचारलं तर कुठला पैसा कशाचा, हे सांगता आलं पाहिजे.

बँकेने न सांगता पैसे कापले तर आधी शाखेत लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८, मराठीतही बोलतात. मसाल्याच्या मावशींच्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

पोह्याच्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी घरात विषय काढायला तीन आठवडे लावले. मालक म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही का?" ताई म्हणाल्या, "तुमच्यावर आहे, बँकेला माझ्यावर नाही." नवीन स्टिकर चिकटवून आता पाच आठवडे झाले. सहा महिन्यांचं स्टेटमेंट व्हायला अजून वेळ आहे, शेगडी जुनीच आहे.

वह्या संघाच्या ऑफिसात ठेवल्या आहेत. दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी तिथे असते. येताना पासबुक आणि आधारला जोडलेल्या नंबरचा फोन आणा. तो फोन मुलाकडे असेल तर मुलालाही आणा.